खडू लावलेली टेप

विहिरीचं पाणी मोजायला फार काही लागत नाही. तीस मीटरची फायबरची टेप, तिच्या टोकाला बांधायला एखादा जड नट आणि वर्गातला खडू. टेपच्या शेवटच्या दोन मीटरना खडू फासायचा. कठड्यावरच्या लाल खुणेला टेप टेकवून ती सावकाश आत सोडायची. नट पाण्याला लागला की हाताला कळतं. मग टेप आणखी थोडी सोडून खुणेपाशी पूर्ण मीटरचा आकडा धरायचा आणि ओढून घ्यायची. खडू जिथपर्यंत भिजलाय तो आकडा वाचायचा. खुणेपाशी १२, भिजलेलं ०.६३, म्हणजे पाणी ११.३७ मीटरवर. सहावीतल्या पोरांना हे दोन सकाळींत जमतं. मला मात्र विहिरीपर्यंत पोचायला नोकरीची पंधरा वर्षं लागली.

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, माण तालुक्यातल्या एका गावात मी २६ वर्षं विज्ञान शिकवलं. १९९८ साली रुजू झाले, २०२४ ला निवृत्त झाले. इथला पाऊस वर्षाला साडेचारशे-पाचशे मिलिमीटरच्या घरातला, आणि तोही भरवशाचा नाही. मुसळधार पावसाचं महाबळेश्वर याच जिल्ह्यात आहे, हे भूगोलाच्या तासाला सांगितलं की मुलं माझ्याकडे संशयानं बघायची.

सुरुवातीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून भरते. तिचा विचार मला आजही आवडतो. मुलांनी आपल्या गावातला प्रश्न निवडायचा, स्वतः फिरून माहिती गोळा करायची आणि आपल्या भाषेत मांडायची. २००३ साली मी पाच मुलांचा गट केला. विषय अर्थातच पाणीटंचाई. अहवाल मी लिहिला. रात्री जागून, सुंदर अक्षरात, आलेखांसकट. ‘८० कुटुंबांची पाहणी’ असं त्यात लिहिलं. मुलं गेली होती वीस घरांत. उरलेली साठ माझ्या टेबलावर तयार झाली. गटाच्या पुढारी मुलीकडून मी सगळं पाठ करून घेतलं. जिल्ह्यातून आमची निवड झाली, आम्ही राज्यपातळीवर गेलो. तिथं एका परीक्षकांनी तिला अगदी मायेनं विचारलं, “ऐंशी घरं कशी निवडलीस गं?” ती म्हणाली, “आम्ही वीसच घरांत गेलो होतो. ते बाईंनी लिहिलंय.”

परतताना एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, “बाई, मी खरं सांगितलं म्हणून आपला नंबर गेला का?”

मी तिला ‘नाही गं’ असं म्हणाले, आणि तेही खोटंच होतं. त्या गावात सगळ्यात आधी काही बदललं असेल तर त्या एसटीत बदललं, आणि ते त्या मुलीनं केलं. बारा वर्षांच्या पोरीनं आपल्या शिक्षिकेला विज्ञान म्हणजे काय ते शिकवलं. त्यानंतर कितीतरी वर्षं मी एकाही स्पर्धेत भाग घेतला नाही. लोकांना वाटलं, बाईंचा उत्साह गेला. मी तेव्हा फक्त मोजायला शिकत होते.

सुरुवात पावसापासून केली. सरळ उभ्या बाजूंची प्लॅस्टिकची बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा नरसाळ्यासारखा बसवायचा. बुडाचा खळगा सिमेंटनं भरून सपाट करायचा, त्याच्या वर शून्य धरून पट्टी चिकटवायची. झाला पर्जन्यमापक. अशा सहा बाटल्या सहा वस्त्यांवर लावल्या. पहिल्याच पावसाळ्यात कळलं की एका वस्तीवर २२ मिलिमीटर पडलेल्या दिवशी ओढ्यापलीकडच्या वस्तीवर ३ पडलेला असतो. हे गावकऱ्यांना ठाऊक होतंच, पण कुठं लिहिलेलं नव्हतं. पुढे डाळिंबाचा हवामानावर आधारलेला पीकविमा महसूल मंडलातल्या एका हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरायला लागला, तेव्हा शेतकरी आमच्या बाटल्यांचे आकडे मागायला शाळेत येऊ लागले. विमा कंपनीपुढे ते आकडे चालत नाहीत. तरी ते मागायचे, कारण आपल्याच रानात काय पडलं ते कुणीतरी लिहून ठेवलंय याचाही माणसाला आधार वाटतो.

२०१२-१३ चा दुष्काळ आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. जनावरं छावण्यांत होती. दुपारी टँकर आला की अर्धा वर्ग घागरी घेऊन पळायचा, आणि मी कुणाला अडवत नसे. अशाच एका दुपारी मी फळ्यावर एक चौरस मीटर काढला. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी किती? एक लिटर. एका हेक्टरात दहा हजार चौरस मीटर. म्हणजे हेक्टरावर एक मिलिमीटर पडला की दहा हजार लिटर. मागच्या बाकावरचा, नुकताच घागर ठेवून आलेला पोरगा उठला आणि म्हणाला, “बाई, टँकरवर पन धा हजारच लिवलंय.”

मग गणित त्यांचं त्यांनीच पुढं नेलं. साडेचारशे मिलिमीटर म्हणजे एका हेक्टराला साडेचारशे टँकर. त्या पोराच्या घरची जमीन दोन हेक्टर. नऊशे टँकर. तो फळ्याकडे बघत म्हणाला, “मंग यवढं समदं टँकर जात्यात कुठं?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, पुस्तकात होतं ते फार पुसट होतं. भूजल खात्यातून निवृत्त झालेल्या एका भूवैज्ञानिकांना मी पत्र पाठवलं. ते स्वखर्चानं आले आणि मुलांना घेऊन दिवसभर विहिरी पालथ्या घालत हिंडले. काठावर बसवून त्यांनी थर दाखवले: वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक, खाली काळा पाषाण. “आपला खडक म्हणजे माठ नव्हे,” ते म्हणाले. “भेगा पडलेली फरशी आहे. भेगांत राहील तेवढंच पाणी.” बेसॉल्टमध्ये पाणी धरायला जागा फार थोडी, घनफळाच्या दोन-तीन टक्क्यांच्या आसपास. बाकीच्या टँकरांतले कितीतरी उन्हानं परत आभाळात जातात, काही पिकांत, काही ओढ्यानं गावाबाहेर. जाताना त्यांनी सांगितलं, की त्यांची यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत. “तुम्ही दर महिन्याला मोजा. दहा वर्षं मोजा. मग गाव तुम्हाला विचारायला येईल.” त्या दिवशी टेप घेतली.

पहिल्या वर्षी आम्ही चौदा विहिरी निवडल्या आणि वर्षाअखेरीस वही निकामी ठरली. सहा नंबरच्या विहिरीची पातळी एका महिन्यात दोन मीटर खाली, दुसऱ्या महिन्यात वर, परत खाली. पाऊस तर नव्हता. मी समजले पोरं चुकली. आठवीतली एक मुलगी चार दिवस वही घरी घेऊन गेली आणि पाचव्या दिवशी तिनं त्यात एक नवा रकाना आखून आणला. वर लिहिलं होतं ‘मोटर’. तिचे वडील रात्री पाणी धरायला जायचे. शेतीची वीज तेव्हा एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री यायची, हे तिच्या घरातल्या झोपेवर लिहिलेलं होतं. मोटर चालू असताना किंवा नुकती बंद झालेली असताना विहिरीतलं पाणी खरं नसतं, त्याला परत वर यायला काही तास द्यावे लागतात. तेव्हापासून मोजायचा दिवस विजेच्या पाळीप्रमाणे ठरू लागला. शिक्षक म्हणून मला हे सुचलं नसतं. मी पगारदार माणूस, माझ्या घरी रात्री दोनला कुणी बॅटरी घेऊन रानात जात नव्हतं.

दुसरी चूक याहून मोठी होती आणि ती पूर्ण माझी होती. चौदा विहिरींची यादी मी शाळेत बसून, मोठ्या बागायतदारांना विचारून केली होती. बौद्धवस्तीतला एक मुलगा दोन महिने टेप धरायला येत होता. एक दिवस त्यानं फक्त एवढं विचारलं, “बाई, आमच्या आडाला नंबर का नाही?” त्याला द्यायला माझ्याकडे कारण नव्हतं, आणि मी ते शोधलंही नाही. आडाला पंधरा नंबर दिला, कठड्यावर लाल खूण त्यानंच रंगवली. आणि मग जे झालं ते विज्ञानाच्या दृष्टीनंही महत्त्वाचं होतं. त्या आडावर मोटर नव्हती. पोहऱ्यानं पाणी काढायचे. म्हणून गावाखालच्या पाण्याची खरी पातळी सगळ्यात चोख दाखवणारी जागा तीच निघाली. आजही आमच्या वहीत तुलना करायची असेल तर पंधरा नंबर बघतात.

एक अपघात थोडक्यात टळला. २०१४ च्या पावसाळ्यात कठड्याचा दगड निसटून एक मुलगा कमरेपर्यंत आत गेला. मागच्यानं त्याचा पाय धरला म्हणून तो आज आहे. मी त्या रात्री वही जाळायच्या विचारात होते. सकाळी मुलांनीच नियम लिहून आणले: कठडा नसेल ती विहीर मोजायची नाही, मोठं माणूस असल्याशिवाय मोजायचं नाही, मोजणाऱ्यानं पालथं झोपायचं आणि दोघांनी पाय धरायचे. या कामाचं कौतुक करणाऱ्यांना हे नियम मी आधी वाचायला देते.

विहिरींना टेप चालते, बोअरला चालत नाही. केसिंगमध्ये पाइप आणि केबल असते, टेप अडकते. त्यावर नववीतल्या दोघांनी तोड काढली. मोटर रिवायंडिंगच्या दुकानातून दुहेरी वायर, टोकाला शिशाचं वजन, दोन तारांची टोकं उघडी, वर सेल आणि खेळण्यातला बझर. तारा पाण्यात टेकल्या की बझर वाजायला हवा. वर्गात बादलीत मीठ घालून पाहिलं, झकास वाजला. बोअरवर गेलो तर मुका. मीठ नसलेल्या पाण्यातून वीज फार कमी जाते, हे मी दरवर्षी फळ्यावर शिकवत होते, आणि त्या दिवशी मलाही ते पहिल्यांदा समजलं. पोरं हटली नाहीत. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातल्या भावानं एक छोटा ट्रान्झिस्टर जोडून दिला आणि दोन रुपयांच्या त्या तुकड्यानं बोअर बोलायला लागली. सगळा खर्च दोनशे रुपयांच्या आत होता.

ते यंत्र आम्ही प्रदर्शनात मांडलं. निवड झाली नाही. परीक्षक म्हणाले, अशी उपकरणं बाजारात मिळतात, यात नवीन काय? त्यांचं म्हणणं खरंही होतं. पण परत येताना माझ्या मनात पाबळ घोळत होतं. डॉ. कलबागांनी १९८३ साली तिथं विज्ञान आश्रम सुरू केला, तो हातानं काम करत शिकण्यासाठी. एका प्रशिक्षणाला मी तिथं गेले होते. तिथल्या पोरांनी केलेल्या वस्तू बघताना ‘हे जगात पहिल्यांदाच झालं का’ हा प्रश्न कुणाच्या मनात येत नव्हता. गावाच्या उपयोगी पडतं का, मोडलं तर गावात दुरुस्त होतं का, एवढंच विचारलं जात होतं. मुलांच्या विज्ञानाला आपण जी बक्षिसं देतो त्यात नावीन्याला फार गुण असतात. चिकाटीला, रोजच्या नोंदीला, चूक कबूल करण्याला गुणांचा रकानाच नसतो. म्हणून मग दुकानातून तयार सेन्सर आणून रंगीत डब्यात बसवणारी मुलं पुढं जातात, आणि पाच वर्षं पाऊस मोजणारी मुलं मागं राहतात. हे बदललं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

२०१६ साली जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा राज्यात तीन तालुक्यांत सुरू झाली, त्यातला कोरेगाव आमच्याच जिल्ह्यातला. पुढच्या वर्षी ती लाट आमच्याकडे आली. गावानं उन्हातान्हात श्रमदान केलं. सलग समतल चर खणले, बांध घातले. चाळीस दिवसांत डोंगराचं रूप पालटलं. मी इतकं एकजुटीचं गाव आधी पाहिलं नव्हतं. पावसानंतर ऑक्टोबरात पंधरा नंबरचा आड मोजला, तर तेवढ्याच पावसाच्या आधीच्या वर्षापेक्षा पाणी दीड मीटरनं वर होतं. गावानं पेढे वाटले.

मेमध्ये मुलांनी परत मोजलं. फरक वीतभरही राहिला नव्हता.

असं का झालं, हे शोधायला दहावीच्या मुलांनी सुट्टीतला महिना घातला. उत्तर रानात उभं होतं. पाणी वर आलेलं दिसताच गावात उसाचं क्षेत्र वाढलं होतं. एक हेक्टर उसाला पाटानं पाणी द्यायचं तर दोन हजार मिलिमीटरच्या आसपास लागतं, म्हणजे दोन हजार टँकर. शाळूला त्याच्या पाचव्या हिश्शाएवढं, आणि त्यातलंही बरंचसं तो जमिनीतल्या ओलीवर भागवतो. हा हिशेब ग्रामसभेत वाचायचं ठरलं, आणि वाचायची पाळी आली ती ज्या मुलाच्या घरी तीन एकर ऊस होता त्याच्यावर. मी त्याला म्हणाले, दुसरं कुणी वाचेल. तो म्हणाला, “नगं बाई. दुसऱ्यानं वाचलं तर भांडान हुईल. मी वाचतो.”

त्यानं वाचलं. स्वतःच्या घरचा आकडा वाचताना आवाज हलला, पण थांबला नाही: तीन एकर, चोवीसशे टँकर. वडील समोरच बसले होते. कुणीतरी ओरडलं, “पोरांना राजकारण शिकवता व्हय बाई?” त्या मुलाचे वडील उठले आणि म्हणाले, “आकडा खोटा असंल तर सांगा.” ग्रामसभेनं नवीन ऊस न लावण्याचा ठराव केला. तो पाळला गेला नाही, हेही सांगायला हवं. पण त्या घरानं पुढच्या हंगामात ठिबक बसवलं, आणखी काही जणांनी बसवलं, आणि दोघांनी ऊस मोडून कांदा केला. आणि एक सवय लागली. दसऱ्याच्या सुमारास रब्बीचं ठरवताना माणसं शाळेपाशी थांबून विचारतात, “पंधरा नंबर किती आला?” माझ्या २६ वर्षांत मी पाहिलेला सगळ्यात मोठा बदल हाच.

हरलेल्या गोष्टीही आहेत. टेप सगळ्यात अचूक वाचणारा पोरगा मेंढपाळाच्या घरचा. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन सगळं घर बाहेर पडायचं, की त्याच्या वाट्याच्या तीन विहिरींचे रकाने जूनपर्यंत कोरे. आठवीनंतर तो परत आलाच नाही. आणि ‘मोटर’चा रकाना आखणारी ती मुलगी. बारावीला चांगले गुण होते, कृषी पदवीला जायचं होतं. मी तिच्या घरी तीनदा गेले. तिच्या आईनं चहा दिला, वडिलांनी मान खाली घालून ऐकून घेतलं, आणि मेमध्ये लग्न झालं. माझ्याकडे द्यायला शब्दांखेरीज काही नव्हतं. तिच्या शिक्षणाच्या खर्चाची सोय घेऊन मी त्या दारात उभी राहिले असते, तर कदाचित गोष्ट वेगळी झाली असती. ही खंत माझ्याबरोबर राहणार.

२०१९ च्या सुमाराला आमच्याकडे पाहुणे येऊ लागले. कॅमेरे आले. एकदा एका मुलीला तीच विहीर पाच वेळा मोजायला लावली, कारण ऊन नीट पडत नव्हतं. एकानं विचारलं, “तुमच्या शाळेत ग्रेटासारखी एखादी मुलगी आहे का?” मुलांनी ग्रेटा थुनबर्गबद्दल वर्तमानपत्रात वाचलं होतं. ऑगस्ट २०१८ मध्ये पंधरा वर्षांची ती स्वीडनच्या संसदेबाहेर एकटी बसली, मग दर शुक्रवारी बसत राहिली. पाहुण्यांना तिच्यात धडाडीचं भाषण दिसत होतं. आमच्या सातवीतल्या एकीला वेगळंच दिसलं. ती म्हणाली, “ती दर शुक्रवारी जाती, म्हंजे तिची पन वही हाय.”

मी निवृत्त झाले त्या दिवशी वह्या अकरा झाल्या होत्या. किल्ली मी नव्या शिक्षकांकडे दिली आणि टेप मुलांकडे. पंधरा नंबरच्या आडावर लाल खूण रंगवणारा तोच मुलगा, जो आता तिशीच्या जवळ आलाय, नवीन पोरांचे पाय धरायला उभा राहतो.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या रानात विहीर आहे, त्यांच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या गावची पोरं कधी टेप आणि खडू घेऊन काठावर आली, तर त्यांना हाकलू नका, त्यांचं कौतुकही करत बसू नका. त्या दिवशी पहाटे मोटर चालू करू नका. पोरं मोजून गेली, की मग खटका दाबा.